वजनाच्या आकड्यात चरबी किती, स्नायू किती?

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, जवळपास सारखा होता : २२.३. भारतीयांसाठीच्या कडक निकषानेही दोघं 'नॉर्मल'च. पण डेक्सा या क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी मारलेली धाव, असं त्या टिपणात मिश्कीलपणे लिहिलं होतं.

गोष्ट त्या दोघांपुरती नव्हती. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पाठीवर, खवाट्याखाली मोजलेली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत पण चरबीला पुढे, अशी आपल्याकडची ठेवण जन्मापासूनच असू शकते.

पनवेलकरांनी हे ध्यानात घ्यावं, कारण इथून सीएसएमटी गाठायला लोकलने सव्वा तासाहून अधिक लागतो, परत यायला तेवढाच, आणि मधले आठ-नऊ तास बहुतेकांचे खुर्चीत जातात. 'माझं वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे' असं पंचेचाळिशीतला माणूस अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या वजनातले चार किलो स्नायू जाऊन चार किलो चरबी आलेली असू शकते. काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मग चरबी आणि स्नायू मोजणारा स्कॅन करून घ्यावा का? कधी हो, बऱ्याचदा नाही. स्कॅनच्या निकालाने तुमचा कोणता निर्णय बदलणार आहे, हे आधी ठरवा आणि त्यावरून तपासणी निवडा. या लेखात तेच क्रमाने पाहू.

आधी टेप आणि खुर्ची

भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्याच्या जोडीला कंबर मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, श्वास सहज सोडल्यावर टेप लावा. पोट आत ओढू नका आणि पँटचा नंबर म्हणजे कंबर समजू नका. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही आपली मर्यादा. आणखी सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

स्नायूंसाठी खुर्ची पुरते. हात छातीवर आडवे बांधून, आधार न घेता, पाच वेळा उठा आणि बसा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. पोटरीचा सर्वांत जाड भागही मोजा : पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर ही सूचना समजावी. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर खुर्चीची चाचणी एकट्याने करू नका.

हे सगळं ठीक असेल आणि कोणता आजार नसेल, तर स्कॅनवर पैसे घालवायचं कारण नाही. फक्त कंबर वाढलेली असेल, तर पहिल्यांदा रक्तदाब, एचबीए१सी ही साखरेची तपासणी, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या. त्यांवरून उपचार ठरतात. चरबी २९ टक्के आहे की ३२, याने त्या उपचारात सहसा फरक पडत नाही.

मग स्कॅन खरोखर कोणाला?

जानेवारी २०२५ मध्ये लठ्ठपणावरच्या लॅन्सेट आयोगाने सांगितलं की निव्वळ बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये. कंबरेसारखं माप किंवा शक्य असल्यास चरबीची थेट मोजणी त्याला जोडावी. म्हणजे टेपलाही मान आहे. थेट मोजणीचा खरा उपयोग पुढच्या मंडळींना होतो : वजन घटवण्याची (बॅरिएट्रिक) शस्त्रक्रिया झालेले किंवा होणार असलेले, दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवणारे, चालताना-उठताना अशक्तपणा जाणवणारे वयस्कर लोक, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, आणि कर्करोगासारख्या आजारात झपाट्याने खंगणारे रुग्ण.

या यादीत २०२५ पासून आणखी एका गटाची भर पडली आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही वजन घटवणारी इंजेक्शनं त्या वर्षी वजनासाठी म्हणून भारतात मिळू लागली. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत काही जणांची डेक्सा केली होती. त्यांच्या शरीरातली चरबी सुमारे १९ टक्क्यांनी घटली, पण स्नायू ज्यात मोडतात तो बिनचरबीचा भागही सुमारे १० टक्क्यांनी घटला. तरुण, दणकट माणसाला हे परवडेल. मुळातच बारीक हातापायांच्या साठीच्या बाईला परवडणार नाही. तिने इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी एकदा मोजणी करून घेतली, तर प्रथिनं, व्यायाम आणि डोस कसा वाढवायचा हे डॉक्टरांना नीट ठरवता येतं.

डेक्सा : मागताना नाव नीट सांगा

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड, चरबी आणि बाकीचा मऊ भाग हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्यावरून संगणक तिन्हींचं वजन काढतो. टेबलावर काही मिनिटं निश्चल पडून राहायचं, एवढंच काम. सुई नाही, बोगदा नाही. किरणांचा डोस इतका थोडा की निसर्गातून आपल्याला एक-दोन दिवसांत मिळतो साधारण तेवढाच. तरीही गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ही तपासणी करू नका.

घोटाळा इथे होतो. आपल्याकडे 'डेक्सा' म्हटलं की बहुतेक केंद्रं कमरेचे मणके आणि खुब्याचं हाड तपासतात, कारण ती मागणी हाडं ठिसूळ झालेल्यांची असते. त्या रिपोर्टमधला टी-स्कोअर फक्त हाडांचा असतो, त्यात चरबीचा उल्लेखही नसतो. म्हणून पनवेल, कामोठे, खारघर, कुठल्याही केंद्राला फोन करताना 'होल बॉडी, बॉडी कंपोझिशन' असे शब्द वापरा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेच लिहून घ्या. फोनवरच पुढचे प्रश्न विचारा :

– यंत्रात बॉडी कंपोझिशनचं सॉफ्टवेअर आहे का?
– रिपोर्टमध्ये हात, पाय आणि धड यांचे आकडे वेगळे मिळतील का?
– टेबलाची वजनमर्यादा आणि रुंदी किती? (अंग रुंद असेल तर हात स्कॅनच्या पट्ट्याबाहेर जातात आणि मोजणी चुकते.)
– पूर्ण शरीराचा दर किती, आणि तो हाडांच्या तपासणीहून वेगळा आहे का?
– क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे ना?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. या मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं कार्यालय खाडीपलीकडे अणुशक्तीनगरात आहे आणि देशातल्या वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांवर त्याचंच नियंत्रण चालतं. नीट चालणारं केंद्र परवानगीचा कागद दाखवायला कचरत नाही.

तयारी सोपी असली तरी काटेकोर हवी. शक्यतो सकाळी, काही न खाता जा. आदल्या संध्याकाळी जोरकस व्यायाम टाळा. पाणी नेहमीएवढं प्या आणि तपासणीआधी लघवीला जाऊन या. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चांदीचा करगोटा, जरीचे काठ, पँटचं बक्कल, सगळं उतरवावं लागतं. तेव्हा सुती, बिनबटणाचे कपडे घालून जा आणि दागिने घरीच ठेवा. गुडघा बदललेला असेल किंवा पायात रॉड असेल तर टेक्निशियनला सांगा. गेल्या काही दिवसांत बेरियम घेतलं असेल, कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल किंवा पेट अथवा बोन स्कॅन झाला असेल, तर तारीख पुढे ढकला.

रिपोर्ट वाचताना

रंगीत चित्राला भुलू नका. तीन आकडे शोधा.

पहिला, चरबीची टक्केवारी. ती वय आणि लिंगानुसार बदलते. स्त्रियांत निसर्गतःच जास्त असते. रिपोर्ट तुमची तुलना कोणाशी करतो ते तळाशी पाहा. अनेक यंत्रांत अमेरिकेतल्या लोकांची सरासरी भरलेली असते. तिच्या तुलनेत 'मध्यम' ठरलेला पनवेलकर निर्धास्त होण्याचं कारण नाही.

दुसरा, पोटाच्या आतली चरबी. रिपोर्टमध्ये ती बहुधा 'व्हॅट' या नावाने येते. आतडी आणि यकृताभोवतीची ही चरबी मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीने कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त घातक. डेक्सा ती थेट पाहत नाही, गणिताने अंदाज बांधते. म्हणून हा आकडा दिशा दाखवण्यापुरताच घ्या.

तिसरा, 'लीन मास'. याचा अर्थ स्नायू असा लावू नका. चरबी आणि हाड सोडून उरलेलं सारं, म्हणजे यकृत, हृदय, पाणीही, त्यात येतं. पायावर सूज असेल तर तीही त्यात मोजली जाते. स्नायूंचा अंदाज हवा असेल तर फक्त हातापायांचा लीन मास घ्या, कारण तिथे मोठे अवयव नसतात, आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. समजा एखाद्या बाईची उंची १.५२ मीटर आहे आणि दोन्ही हात-पाय मिळून लीन मास १२ किलो आहे. १.५२ चा वर्ग २.३१, १२ भागिले २.३१ म्हणजे ५.२. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषात स्त्रियांसाठी ५.४ आणि पुरुषांसाठी ७.० च्या खाली स्नायू कमी मानतात. म्हणजे हिचे स्नायू कमी आहेत. पण खुर्चीवरून ती सहज उठत असेल, हाताची पकड घट्ट असेल, तर एवढ्यावरून तिला आजाराचं लेबल लावत नाहीत. आकड्याला ताकदीची जोड लागते.

दुसरी तपासणी किती दिवसांनी?

महिन्याभरात पुन्हा स्कॅन करणं म्हणजे पैसे वाया. तोच माणूस टेबलावरून उतरून पुन्हा झोपला तरी आकडा थोडा हलतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पूर्ण शरीराच्या लीन मासमध्ये ही चूक २ टक्क्यांपर्यंत चालते. खरा बदल म्हणायला ती चूक २.७७ ने गुणावी लागते, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. तुमचा लीन मास ४५ किलो असेल तर जवळजवळ अडीच किलोंचा फरक पडेपर्यंत 'स्नायू वाढले' किंवा 'घटले' असं खात्रीने म्हणता येत नाही. काही केंद्रांची चूक याहून कमी असते. विचारा, चांगला टेक्निशियन सांगेल. म्हणून दोन तपासण्यांत सहा महिने ते वर्षाचं अंतर ठेवा आणि यंत्र तेच, वेळ तीच, पोटाची स्थिती तीच ठेवा. एकदा पनवेलला आणि एकदा मुंबईला केलेल्या डेक्साची तुलना करू नका, यंत्रांच्या कंपन्या वेगळ्या असतील तर मुळीच नको.

फाइलीत आधीच पडलेला सीटी

चरबी आणि स्नायू अचूक दाखवण्यात सीटी स्कॅन डेक्साच्या पुढे आहे. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य, चरबी उणे १९० ते उणे ३०, स्नायू उणे २९ ते अधिक १५०. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एकच काप घेऊन स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं, तरी सगळ्या शरीरातल्या स्नायूंचा चांगला अंदाज येतो. स्नायूच्या आत चरबी शिरली असेल तर त्याचा घनतेचा आकडा उतरतो, तेही कळतं. बेंबीजवळच्या कापावरून पोटातली चरबी मोजतात आणि जपानमध्ये १०० चौरस सेंटीमीटरच्या वर ती धोक्याची धरतात.

पण पोटाच्या सीटीचा किरणांचा डोस डेक्साच्या हजारपटीहूनही जास्त असतो. केवळ चरबी मोजायला सीटी कधीही करू नका. दुसऱ्या कारणासाठी झालेला असेल तरच त्याचा लाभ घ्या. मुतखडा, अपघात, शस्त्रक्रिया अशा निमित्ताने अनेकांच्या कपाटात सीटी पडलेला असतो.

कर्करोगाच्या रुग्णांना हे जास्त लागू आहे. पनवेलच्या हद्दीतच, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे. उपचारासाठी दूरदूरचे रुग्ण तिथे येतात, खोल्या घेऊन राहतात. कुठल्याही रुग्णालयात उपचार चालू असोत, अशा रुग्णाचे सीटी वरचेवर होतातच. वजन तेवढंच दिसत असताना आतून स्नायू झडत असतात, आणि स्नायू कमी असलेल्यांना केमोथेरपी व शस्त्रक्रिया जड जातात. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना सरळ विचारावं : 'जो सीटी झालाय त्यावरून स्नायूंची स्थिती सांगता येईल का? आहारतज्ज्ञांना भेटायला हवं का?' प्रत्येक रेडिओलॉजी विभाग अशी मोजणी करतोच असं नाही, पण विचारल्याने नुकसान नाही. एक लक्षात ठेवा : यासाठी फिल्म किंवा छापील रिपोर्ट पुरत नाही. सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्या आणि सांभाळून ठेवा. स्नायूंचे रूढ निकष बरेचसे कॅनडातल्या रुग्णांवरून आले आहेत, तेव्हा त्यावरून घरी निष्कर्ष काढू नका. एकाच रुग्णाच्या दोन सीटींमधला फरक जास्त बोलका असतो.

सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन, एमआरआय

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' वाचून घाबरलेले किंवा उलट 'सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडून देणारे, दोघंही चुकतात. यकृतात चरबी दिसणं हा पोटातल्या चरबीचा स्वस्तात मिळालेला इशारा आहे. साखर, कंबर, वजन यांच्याकडे वळा. मात्र चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती निसटते आणि ग्रेड देणं तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतं. फायब्रोस्कॅन यकृताची चरबी आणि कडकपणा दोन्ही आकड्यांत सांगतो. त्याआधी किमान तीन तास उपाशी राहावं लागतं. कडकपणाचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण यकृताला व्रण पडू लागलेत का ते त्यावरून समजतं.

एमआरआय यकृतातली चरबी टक्क्यांत सांगतो, स्नायूही स्वच्छ दाखवतो आणि त्यात क्ष-किरण नसतात. पण तो महाग, वेळखाऊ आणि मुख्यतः संशोधनात वापरला जातो. यकृताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच करा. अंगात पेसमेकर असेल तर आधी सांगणं अत्यावश्यक.

जिममधलं यंत्र

अनवाणी उभं राहून दोन दांडे हातात धरायचे आणि मिनिटात छापील कागद हातात. हे इमेजिंग नाही. ते शरीरातून सौम्य वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबी-स्नायूंचं गणित मांडतं. पाणी कमी प्यायलात, नुकताच घाम गाळलात, मासिक पाळी जवळ आली, की आकडे हलतात. एकाच यंत्रावर, सकाळी, एकाच स्थितीत महिन्यातून एकदा पाहिलं तर कल दिसतो. तेवढाच त्याचा उपयोग. त्यावरचं 'बॉडी एज' वाचून महागडे डबे विकत घेऊ नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

स्नायू कमी निघाले तर उपाय चालण्यापुरता नाही. वडाळे तलावाभोवती रोजच्या फेऱ्या हृदयासाठी उत्तम, पण स्नायू वाढायला वजन उचलावं लागतं : आठवड्यातून किमान दोनदा बैठका, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, जिना. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. स्नायू झडत असतील किंवा वजन उतरवत असाल तर डॉक्टर जास्त सांगतील. रायगडातले वाल, मूग, मटकी, हरभरे यांत सुक्या १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. खाणाऱ्यांसाठी बाजारात मासळी आहेच. भातावर पातळ वरण ओतून प्रथिनं पुरी होत नाहीत. वाटीत उसळ दिसायला हवी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्यापूर्वी विचारा.

चरबी जास्त आणि स्नायू कमी असा जोड निकाल आला, तर घाईने उपास सुरू करू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. हळूहळू वजन उतरवणं आणि सोबत वजन उचलण्याचा व्यायाम, हाच मार्ग.

स्कॅनची वेळ घेण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहा. माझी कंबर आणि खुर्चीच्या चाचणीचा आकडा. मला किंवा माझ्या डॉक्टरांना नेमकं काय कळायला हवं आहे. आणि निकाल असा आला तर काय करणार, तसा आला तर काय करणार. हा कागद डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्या ओळीत दोन्ही उत्तरं एकच निघाली, तर स्कॅन रद्द करा आणि ते एक उत्तर आजपासून अमलात आणा.